ग्रामपंचायतीचा पैसा बँकेत आहे म्हणून निवांत आहात? मग हे एकदा वाचाच

५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेनं येस बँकेवर निर्बंध टाकले आणि खात्यातून ५० हजारांच्या वर काढता येणार नाही असं जाहीर झालं, तेव्हा पिंपरी चिंचवड महापालिकेचे साडेनऊशे कोटींच्या वर आणि नाशिक महापालिकेचे तीनशे कोटींच्या वर त्या एकाच बँकेत पडून होते. लोकांनी भरलेली घरपट्टी, पाणीपट्टी, सगळी. नशीब म्हणून १८ मार्चला निर्बंध उठले आणि पैसे वाचले. पण तिरुपती देवस्थाननं त्याच्या काही महिने आधीच तिथून १३०० कोटी काढून घेतले होते, म्हणजे बघणाऱ्याला दिसत होतं काय चाललंय ते.

हे झालं मोठ्यांचं. ग्रामपंचायतीत बँक बुडून पैसे जाण्याचे प्रकार तसे कमीच, जास्त करून पैसे जातात ते कोऱ्या चेकवरच्या सहीमुळे, माजी सरपंचाच्या नंबरवर अजून जाणाऱ्या मेसेजमुळे आणि सहा महिने कोणी न जुळवलेल्या पासबुकामुळे. पंचायतींची दप्तरं तपासायचं काम करतो त्यामुळे हे रोजच बघतो. म्हणून नवीन सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवकांसाठी (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात सगळे ग्रामसेवकच म्हणतात, मीही तेच लिहितो) हे सविस्तर लिहितोय. नगरपंचायतीलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

१. आधी खाती किती आहेत ते तर शोधा

हसू नका, बऱ्याच पंचायतींना आपली नक्की किती खाती आहेत हेच माहीत नसतं. ग्रामनिधीचं एक, पाणीपुरवठ्याचं एक, वित्त आयोगाचं एक हे तोंडपाठ असतं, पण जुन्या एखाद्या योजनेच्या समितीचं, स्वच्छता अभियानाच्या बक्षिसाचं, कुठल्यातरी देणगीचं अशी खाती कपाटाच्या तळाशी पासबुकासकट झोपलेली असतात. कपाटातली सगळी पासबुकं, जुने चेकबुक, मागच्या लेखापरीक्षण अहवालातल्या बँक शिल्लकांची यादी हे सगळं टेबलावर काढा. मग गावात आणि तालुक्यात ज्या ज्या बँकेत खातं असू शकतं त्या प्रत्येक शाखेला पंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या, की आमच्या नावानं, आमच्या पॅनवर किंवा सरपंच-ग्रामसेवक या पदनामानं जी काही खाती आणि ठेवी आहेत त्यांची यादी आणि आजची शिल्लक लेखी द्या.

दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि १० वर्षं पडून राहिलं की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जाते. तिथून परत मागता येते, बँकेकडे अर्ज करून, पण आधी खातं होतं हे माहीत पाहिजे ना. बँकांच्या विलीनीकरणात पण गोंधळ झालाय, १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत गेल्या, अलाहाबाद इंडियन बँकेत, त्याच्या आदल्या वर्षी देना आणि विजया बडोद्यात. जुन्या पासबुकावर देना बँक लिहिलंय म्हणून ते फेकून देऊ नका, बँक ऑफ बडोदाच्या शाखेत जाऊन विचारा.

यादी झाली की ज्या खात्यांचं काम संपलंय ती मासिक सभेत ठराव घेऊन बंद करा. योजनेचा उरलेला पैसा मात्र थेट ग्रामनिधीत वळवू नका, तो शासनाला परत करायचाय की कसं ते आधी पंचायत समितीकडून लेखी घ्या.

२. बँक कुठली

इथं पहिला नियम, जो सरकारी आदेश आज लागू आहे तोच पाळायचा. येस बँकेच्या प्रकरणानंतर मार्च २०२० मध्येच राज्य सरकारनं सरकारी पैसा राष्ट्रीयीकृत बँकांत ठेवा असं सांगितलं होतं, नंतर वेळोवेळी बदल होत गेलेत, त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेल्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका, बीडीओ (गटविकास अधिकारी) ऑफिसातून चालू परिपत्रकाची कॉपी घ्या आणि फाईलला लावा. उद्या आक्षेप आला तर हीच कॉपी तुम्हाला वाचवेल.

दुसरं, ठेव विमा. लोक म्हणतात पाच लाखांपर्यंत विमा आहे ना. आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा १ लाखाची ५ लाख झाली. पण एका बँकेत एकाच नावाची जेवढी खाती असतील, मग ती वेगवेगळ्या शाखांत का असेनात, ती सगळी मिळून ५ लाख, आणि त्यात व्याजही धरतात. म्हणजे एकाच बँकेत सहा खाती काढली म्हणून तीस लाख सुरक्षित झाले असं नाही. साध्या पंचायतीच्या खात्यावर निधी आला की ५ लाखांच्या वर सहज जातं, त्यामुळे विम्याच्या भरवशावर बँक निवडायची नाही.

विम्याच्या वरच्या रकमेचं काय होतं ते पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत दिसलं. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, सुरुवातीला तर एका खात्यातून हजार रुपयेच काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली तेव्हा साध्या ठेवीदारांना मोठ्या रकमांसाठी १० वर्षांपर्यंतचे हप्ते ठरले, आणि संस्थात्मक ठेवीदारांच्या ५ लाखांवरच्या रकमेपैकी ८० टक्क्यांचे १ टक्का लाभांशाचे प्रेफरन्स शेअर करून टाकले आणि बाकीच्याचे वॉरंट (म्हणजे पुढं शेअर मिळण्याचा नुसता हक्क). आता विचार करा, नळ योजनेच्या कंत्राटदाराचं बिल आलंय आणि ग्रामपंचायतीकडे पैशाऐवजी शेअर आहेत. काय देणार त्याला?

पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायटी यांना तर हा विमा लागूच नाही, बोर्डावर कितीही मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असू दे. अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं, चेअरमन आपल्याच गावचे आहेत, असलं काही सभेत आलं तर सरळ नाही म्हणा. चेअरमन आपले असणं हे तर तिथं पैसा न ठेवायचं कारण आहे. सहकारी बँकेत आदेशानुसार खातं असेलच तर तिचा वार्षिक अहवाल मागवा, निव्वळ एनपीए (थकलेली कर्जं) किती आणि भांडवल पर्याप्तता (कर्जाच्या मानानं बँकेचं स्वतःचं भांडवल) किती एवढे दोन आकडे बघा, आणि रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर काही निर्बंध टाकलेत का ते रिझर्व्ह बँकेच्या साईटवर शोधा.

३. सह्या, मोबाईल नंबर आणि डोंगल

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथं द्यायला पाहिजे आणि सगळ्यात कमी इथंच दिलं जातं.

खातं सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या संयुक्त सहीनंच चाललं पाहिजे. ग्रामसेवकाची बदली झाली, सरपंच बदलला, अविश्वास आला, मुदत संपून प्रशासक बसला, की त्याच आठवड्यात बँकेला ठरावाची नक्कल, नवीन नमुना सह्या आणि जुन्या सह्या रद्द केल्याचं पत्र गेलं पाहिजे, आणि त्या पत्राच्या दुसऱ्या कॉपीवर बँकेचा शिक्का-तारखेसह पोच. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा.

आता मोबाईल नंबर. नमुना सही बदलली जाते पण एसएमएसचा नंबर कोणी बदलत नाही. मग माजी सरपंचाला पंचायतीच्या प्रत्येक व्यवहाराचा मेसेज येत असतो आणि आत्ताच्या सरपंचाला काहीच कळत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे नंबर मागच्या ग्रामसेवकाचा असतो जो आता तिसऱ्याच तालुक्यात आहे. ओटीपी त्याच नंबरवर जातो हे लक्षात घ्या. पंचायतीच्या नावानं एक सिम घ्या, रिचार्जचा खर्च ठरावानं टाका आणि तोच नंबर सगळ्या खात्यांना जोडा, शिवाय बँक परवानगी देत असेल तर सरपंचाचा नंबर दुसरा म्हणून द्या. ईमेलचंही तसंच, पंचायतीचा एक ईमेल आणि त्याचा पासवर्ड चार्ज (पदभार) देण्या-घेण्याच्या यादीत.

वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या सरकारी ऑनलाईन यंत्रणांवरून जातात, पेमेंट एकानं तयार करायचं आणि दुसऱ्यानं मंजूर करायचं, दोघांची डिजिटल सही वेगळी, पेनड्राइव्हसारख्या आपापल्या डोंगलमध्ये. व्यवस्था चांगली आहे. पण प्रत्यक्षात काय असतं, दोन्ही डोंगल पंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि दोन्हीचे पिन त्याच ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. सरपंच शेतात, ग्रामसेवकाकडे तीन गावं, आणि पेमेंट करतोय एकटा ऑपरेटर. तो पोरगा प्रामाणिक असेलही, असतोच बहुतेक वेळा, पण उद्या काही झालं तर सही तुमची निघते, त्याची नाही. डोंगल ज्याचा त्यानं आपल्या खिशात ठेवायचा, पिन कोणाला सांगायचा नाही, आणि मंजूर करायच्या आधी स्क्रीनवर तीन गोष्टी स्वतः वाचायच्या: कोणाला, कुठल्या खात्यात, किती. वाचता येत नसेल किंवा डोळ्याला त्रास असेल तर घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवा पण वाचा. नवीन पुरवठादार जोडताना त्याचा रद्द केलेला चेक घ्या आणि खात्यावरचं नाव बिलावरच्या नावाशी जुळतंय का बघा. पद सोडताना डोंगल जमा करून सही रद्द करून घ्यायची, दोघांनीही.

४. चेकबुक

चेकबुक कुलपात, ग्रामसेवकाच्या ताब्यात. कोऱ्या चेकवर सरपंचानं सही करून ठेवायची नाही. हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सगळीकडे होतं, कारण सरपंचाला प्रत्येक वेळी ऑफिसला यायला जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी आठवड्यातला एक दिवस ठरवून टाका, त्याच दिवशी चेक लिहायचे.

यामागे कायद्याचंही कारण आहे. १९८७ मध्ये कॅनरा बँकेच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की खोट्या सहीचा चेक बँकेनं वटवला तर जबाबदारी बँकेची, ग्राहकानं पासबुक नीट तपासलं नाही एवढ्यावर बँकेला सुटता येत नाही. त्या प्रकरणात कंपनीच्याच अकाउंटंटनं साहेबांच्या खोट्या सह्या करून ४२ चेक वटवले होते. पण कोऱ्या चेकवर तुमची खरीच सही असेल तर हे संरक्षण घेऊन कुठल्या तोंडानं बँकेकडे जाणार? तिथं बँक हात वर करणार, आणि बरोबरच आहे तिचं.

चेक लिहिताना नाव पूर्ण लिहा, नावानंतर आणि रकमेनंतर रेघ ओढा, अकाउंट पेयी क्रॉस करा. 'स्वतः' नावाचा बेअरर चेक शक्यतो नकोच. तारीख सोडून बाकी कुठं खाडाखोड झाली की चेक रद्द करून दुसरा लिहायचा आणि रद्द केलेला फाडून टाकायचा नाही, तो त्याच्या अर्धुकाला लावून ठेवायचा. चेक तीन महिनेच चालतो, कोणी त्या मुदतीत वटवला नाही तर रोकडवहीत ती रक्कम परत जमेला घ्या.

एक प्रकार हल्ली होतो तो म्हणजे क्लोन चेक. खरा चेक तुमच्या कपाटात तसाच कोरा असतो आणि त्याच नंबरचा बनावट चेक भलत्याच राज्यातल्या शाखेत वटतो. यावर उपाय पॉझिटिव्ह पे, १ जानेवारी २०२१ पासून ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय आहे, चेक देताना नंबर, तारीख, नाव, रक्कम बँकेला आधीच कळवायची, जुळलं नाही तर चेक अडतो. शाखेत जाऊन सुरू करून घ्या. आणि पासबुकात वटलेल्या चेकचा नंबर दिसला की तो चेक खरंच आपण फाडला होता का हे चेकबुक उघडून बघा.

५. वसुली बँकेत पोचते का

पंचायतीच्या हिशेबाचे ठरलेले फॉर्म म्हणजे नमुने, त्यातल्या नमुना १० वर घरपट्टीची पावती, बाकी जमेची नमुना ७ वर, आणि रोजची रोख त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी बँकेत. वसुलीच्या पैशातून परस्पर खर्च करायचा नाही, पंपाच्या वायरिंगचे हजार रुपये असले तरी नाही, आधी भरणा मग चेक.

आता बहुतेक ठिकाणी क्यूआर कोड लागलाय. एकदा स्वतःच्या मोबाईलवर तो स्कॅन करा आणि वर कोणाचं नाव येतं ते बघा. ग्रामपंचायतीचं नाव आलं तर ठीक, शिपायाचं किंवा ऑपरेटरचं वैयक्तिक नाव आलं तर तो स्टिकर तिथल्या तिथं काढा, मग कोणी कितीही म्हणू दे की संध्याकाळी मी रोख काढून भरतो. अधूनमधून परत स्कॅन करत राहा, स्टिकरवर स्टिकर चिकटवायला एक मिनिट लागतं.

६. एफडी करायची असेल तर

नुसतं मासिक सभेत 'एफडी करावी' असा ठराव पुरत नाही, ठरावात बँक, शाखा, रक्कम, मुदत, व्याजदर आणि कुठल्या खात्यातून जाणार हे सगळं यायला पाहिजे, आणि मुदत संपल्यावर मुद्दल-व्याज त्याच खात्यात परत येईल हेही. दोन-तीन बँकांकडून लेखी दर घ्या. कोणी एजंट म्हणून मधे आला की तिथंच थांबा, बँकेत एफडी करायला एजंट लागत नाही.

खोट्या एफडी पावत्यांचे घोटाळे एका ठरावीक पद्धतीनं होतात. पैसे खात्यातून खरंच जातात, छान रंगीत पावती मिळते, शिक्का असतो, आणि पैसे गेलेले असतात पंचायतीसारख्याच नावाच्या तिसऱ्याच खात्यात. पावती कपाटात बंद, मुदतीपर्यंत कोणी विचारत नाही. म्हणून एफडी झाल्यावर आठवड्याच्या आत बँकेच्या विभागीय कार्यालयाला पत्र टाकून खात्री करा, आणि पत्ता पावतीवरचा घेऊ नका, बँकेच्या अधिकृत साईटवरून घ्या. दर ३१ मार्चला सगळ्या ठेवींचं शिल्लक प्रमाणपत्र मागा आणि त्यात एक ओळ मुद्दाम लिहून घ्या की या ठेवीवर कर्ज किंवा बोजा नाही. एफडी तारण ठेवून उचल घेतली गेली तर पावती मात्र तुमच्याकडे तशीच दिसत राहते.

सगळ्या ठेवी नमुना २५ च्या गुंतवणूक नोंदवहीत. ही वही बऱ्याच ठिकाणी एकदम कोरी असते, वर फक्त गावाचं नाव. पॅन बँकेत दिलेला आहे ना आणि व्याजावर टीडीएस कापला जात नाही ना, तेही बघून घ्या, परतावा मागत बसण्यापेक्षा ते सोपं.

७. ताळमेळ, दर महिन्याला

ताळमेळ म्हणजे नमुना ५ च्या रोकडवहीतली शिल्लक आणि बँकेची शिल्लक यांच्यातला फरक शेवटच्या रुपयापर्यंत कशामुळे आहे ते कागदावर लिहिणं. फरक असणं यात काही चूक नाही, तो का आहे हे सांगता न येणं ही अडचण.

समजा मार्चअखेर रोकडवहीप्रमाणे शिल्लक ४,१२,३५० आहे आणि पासबुकात ४,५१,९०० आहे. बहुतेक जण इथंच खूश होतात, बँकेत ३९,५५० जास्तच आहेत म्हणे, चांगलंय की. आता उलगडून बघू. मोटार रिवाइंडिंगवाल्याला २८ तारखेला दिलेला ५२,००० चा चेक अजून वटलेला नाही, म्हणून बँकेत तेवढे जास्त दिसणार. बँकेनं ६,२०० व्याज जमा केलंय, रोकडवहीत घेतलेलं नाही, तेही जास्त. बँकेनं ६५० चार्जेस कापलेत तेवढे कमी. हे सगळं धरलं तर बँकेत ४,६९,९०० पाहिजेत. आहेत ४,५१,९००. म्हणजे १८,००० कुठं आहेत? शोधल्यावर कळतं की २९ तारखेला घरपट्टीचे १८,००० बँकेत भरले असं रोकडवहीत लिहिलंय पण बँकेत ते आलेच नाहीत. भरणा पावती मागा, शिक्क्यासकट. असेल तर बँकेची चूक, नसेल तर पैसे कोणाच्या तरी खिशात. जास्तीच्या शिल्लकीखाली हे असं लपतं.

हे काम पासबुकावर हातानं लिहून आलेल्या आकड्यावर करायचं नाही, बँकेकडून छापील स्टेटमेंट घ्यायचं, आणि शक्यतो ते आणायला रोकडवही लिहिणाऱ्यालाच पाठवायचं नाही. एडिट केलेले पीडीएफ स्टेटमेंट पण बघितलेत, त्यामुळे वर्षातून एकदा तरी सरपंचानं स्वतः शाखेत जाऊन शिल्लक दाखला सही-शिक्क्याचा घ्यावा. ताळमेळाच्या कागदावर दोघांच्या सह्या, तारीख, आणि तो मासिक सभेत वाचून दाखवायचा.

८. सदस्यांनी काय करायचं

सदस्य म्हणतात आमची सही नसते, आमचा काय संबंध. निधीचं नुकसान किंवा गैरवापर झाला तर कायद्यानं सदस्यही जबाबदार धरले जाऊ शकतात, तेव्हा संबंध आहे. मासिक सभेत फक्त तीन गोष्टी मागा, सगळ्या खात्यांची शिल्लक यादी, ताळमेळाचा कागद आणि त्या महिन्यात दिलेल्या चेकची यादी. वित्त आयोगाचा खर्च तर ई-ग्रामस्वराजवर कोणालाही बघता येतो, गावातली पोरं मोबाईलवर काढून दाखवतील. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल आला की त्यातले बँक आणि ताळमेळाचे आक्षेप सभेपुढे मागा, नुसतं 'अहवाल वाचला, नोंद घेतली' अशा ठरावाला मान डोलवू नका.

९. पैसे गेल्याचं कळलं तर

आधी आपसात मिटवायला बसू नका. ऑनलाईन गेले असतील तर लगेच १९३० ला फोन आणि सायबर पोर्टलवर तक्रार, आणि त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून खात्यावरचे पैसे जाणं थांबवा. ऑनलाईन फसवणुकीत चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात ग्राहकाची जबाबदारी शून्य धरलीय, उशीर होईल तशी बाजू कमकुवत होत जाते. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

चेक किंवा एफडीचा प्रकार असेल तर बँकेकडून वटलेल्या चेकची इमेज, पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील आणि तुमची नमुना सही यांच्या प्रती लेखी मागा. बीडीओंना त्याच दिवशी कळवा, पोलिसांत तक्रार द्या, तातडीची मासिक सभा घेऊन ठराव करा. रोकडवही, पावती पुस्तकं, चेकबुकची अर्धुकं, डोंगल हे सगळं पंचनाम्यानं ताब्यात घ्या, कारण पहिल्या चार दिवसांत वह्या 'पावसात भिजतात'. घोटाळा मागच्या ग्रामसेवकाच्या काळातला असला तरी कळवायचं काम आज खुर्चीत बसलाय त्याचंच, 'मी नव्हतो' म्हणून दाबून ठेवलं की पुढच्या लेखापरीक्षणात नाव तुमचंही येतं.

आणि एक, खातं गोठलं की पगार आणि पाणीपुरवठ्याचं लाईट बिल पण त्यातच अडकतं. म्हणून बीडीओंकडून पर्यायी खात्याची लेखी परवानगी त्याच पत्रात मागून घ्या, वसुलीचा भरणा तिकडं वळवा आणि क्यूआरचा स्टिकर बदलायला विसरू नका.